डोळे मिटलेला एकटाच

आमच्या घरात प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडणं हा चोरीच्या खालोखालचा गुन्हा होता. (चोरी केली तर बाबा रागावायचे, डोळे उघडले तर आई! तेव्हा 'खालोखाल' हा शब्द मी केवळ देवाच्या आज्ञांचा मान राखून वापरला आहे.)

आम्ही जळगाव जामोदचे. बाबा दवाखान्यात कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवता चिकटवता त्यांनी आम्हा तिघा भावंडांना वाढवलं, असं बाबा म्हणतात. प्रत्यक्षात आम्हाला आईनं वाढवलं आणि त्यासाठी तिनं वापरलेली मुख्य वस्तू म्हणजे तिचे दोन डोळे. ती उजाडायच्या आत विहिरीवरून पाणी आणायची, चूल पेटवायची आणि आम्हाला ओळीनं बसवून आधी पवित्र शास्त्रातलं एक वचन म्हणायला लावायची. वचन आलं तर भाकर. नाही आलं तरी भाकर मिळायचीच, पण ती आई ज्या नजरेनं वाढायची तिच्यापेक्षा उपास बरा! शनिवारी ती पितळेच्या तांब्यात निखारे घालून आमच्या रविवारच्या कपड्यांना इस्त्री करायची. माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या सदऱ्यावर तांब्याच्या बुडाचा अर्धगोल कायमचा उमटला होता. तो सदरा घालून मी खामगावच्या कॉलेजात गेलो, तेव्हा मुलांनी मला विचारलं, "हा कोणता बिल्ला बे?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा सातवी पास, आई चौथीपर्यंत. त्यामुळे मी सुट्टीत घरी आलो की आई शेजारच्या गोदाकाकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला विचारायची, "दानिएल, कॉलेजात तुले चहा मिळते काय रे?" मी 'हो' म्हणालो की तिला फार मोठं काही घडल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

डोळ्यांचं सांगत होतो. धाकटी रूथ प्रार्थनेत हमखास डोळे उघडायची. 'आमेन' झालं रे झालं की आई म्हणायची, "रूथ, डोळे काऊन उघडले वं?"

"तुले कसं दिसलं?"

"मले देवानं सांगतलं."

देव आईला इतकी बारीकसारीक माहिती कशी पुरवतो, याचं मला लहानपणी मोठं कुतूहल होतं. मी भीतीनं डोळे इतके घट्ट मिटायचो की उघडल्यावर थोडा वेळ सगळं हिरवं दिसायचं. ती सवय अजून सुटलेली नाही. हे कृपया लक्षात ठेवावं.

तर, मागच्या नाताळच्या सुट्टीत मलकापूरच्या एस्तरबाई त्यांच्या मुलासाठी आमच्या मार्थाताईला पाहायला येणार, असा निरोप आला. मुलगा सॅम्युएल, शाळामास्तर, शांत स्वभावाचा. आपल्या जिल्ह्यात आमच्या समाजाची घरं ती किती! त्यातून ताईनं दोन ठिकाणी 'नाही' म्हटलेलं आणि तिला दोन ठिकाणांहून 'नाही' आलेलं. हे स्थळ मात्र तिला मनापासून हवं होतं. कारण चर्चच्या एका अधिवेशनात तिनं सॅम्युएलला गीत गाताना ऐकलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पण पोळी लाटताना ती नेमकं तेच गीत गुणगुणायची आणि पोळी करपायची, त्यामुळे सगळ्यांना कळलं होतं.

अडचण होती ती एस्तरबाईंची. त्या विधवा, मुलाला एकटीनं शिकवलेल्या आणि भक्तीच्या बाबतीत अतिशय कडक. वडनेर भोलजीला एका घरी त्यांना प्रार्थना न करताच चहा दिला, तर त्यांनी कप तसाच खाली ठेवला, छत्री उचलली आणि सरळ बसस्टँड गाठलं म्हणे! ही बातमी ऐकल्यापासून आईच्या तोंडचं पाणी पळालं.

"आपन प्रार्थना करू ना वं," बाबा म्हणाले. "त्यात काय?"

"तुमची प्रार्थना!" आई म्हणाली. "मानूस डोळे मिटते तवर तुमचं आमेन होते!"

हे खरं होतं. बाबांची प्रार्थना म्हणजे, 'देवा, दिलं थे गोड करून घे, आमेन.' दवाखान्यात रांग लागलेली असताना जेवणाऱ्या माणसाची ती प्रार्थना होती.

आईनं केक करायचा ठरवलं. लहानपणी ती मिशनच्या बंगल्यावर मडमेच्या हाताखाली काम करायची, तिथं ती शिकली होती. आमच्याकडे भट्टी कुठली? मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, वर परात आणि परातीत निखारे. घरच्या कोंबड्यांची अंडी महिनाभर आम्हाला दाखवून दाखवून साठवली. बाबांनी सोनाळ्याहून संत्री आणली, त्यांची साल किसून घातली. केक भाजत असताना आई पातेल्यापुढून उठली नाही. कुणी जोरात पाय आपटला तरी म्हणायची, "हळू चाल, बसून जाईन थो!" आम्ही घरात मांजरासारखे वावरत होतो. आणि केक काय फुगला! उतरवल्यावर आई त्याच्याकडे अशी पाहत राहिली, की तसं तिनं माझ्याकडे मॅट्रिकच्या निकालानंतरही पाहिलं नव्हतं.

आता मीही काहीतरी करायला हवं होतं. मी म्हणालो, "आई, आपल्या ओसरीतून चूल दिसते. पाहुण्यांना चूल दिसू नये. कॉलेजात आमच्या सरांच्या घरी मधे पडदा आहे."

"पडदा?" आई घाबरली. "आता कुठून आनू पडदा?"

मोरांची चादर सापडली. दोरी सापडेना. मी गोदाकाकूंकडे गेलो. त्यांची शेती, गोठा, त्यांच्याकडे दोरीला काय तोटा! पण सगळ्या दोऱ्या शेतावर गेलेल्या. त्या म्हणाल्या, "थांब बाप्पा, मार्थीचं काम हाये, नाही कसं म्हनू?" आणि त्यांनी गोठ्यातल्या एका शेळीच्या गळ्यातलं दावं सोडून माझ्या हातात दिलं.

"मग शेळी?" मी विचारलं.

"चिंगी? गरीब हाये माय थे. कुठी नाही जात."

मी दावं बांधलं, मोरांची चादर टाकली, चार पावलं मागे होऊन पाहिलं आणि उच्च शिक्षणाचा घराला काहीतरी उपयोग झाला, याचं मला समाधान वाटलं.

पाहुणे दुपारच्या बसनं आले. एस्तरबाई उंच, ताठ, पांढरं स्वच्छ पातळ, हातात ती सुप्रसिद्ध छत्री. छत्री त्यांनी कोपऱ्यात न ठेवता मांडीजवळच ठेवली. (म्हणजे उचलायला सोपी!) आईची नजर त्या छत्रीवर खिळली ती खिळलीच. ओसरीत चटया टाकलेल्या, मध्ये स्टूल आणि स्टुलावर केक. पाठीमागे मोरांचा पडदा. ताईनं एक गीत म्हटलं, आवाज थरथरला पण सूर सुटला नाही. एस्तरबाईंनी नुसती मान हलवली. ती मान 'छान' म्हणाली की 'पुरे' म्हणाली, काहीच कळेना. सॅम्युएल स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता आणि ताई चटईच्या काडीकडे.

"चला, आता प्रार्थना करून घ्या," आई बाबांना म्हणाली. त्यांना तिनं सकाळपासून चांगली सहा वाक्यं पाठ करायला लावली होती. बाबांनी घसा खाकरला.

तेवढ्यात एस्तरबाई म्हणाल्या, "पोरगा कॉलेजात हाये म्हनता ना? त्यालेच करू द्या. पाहू तरी, शिकलेली पोरं देवाले ओळखतात का इसरतात."

आईचा चेहरा पांढरा पडला. आता ताईचं लग्न, आईचा महिनाभराचा जीव आणि उच्च शिक्षणाची अब्रू, हे सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं. मी डोळे मिटले. नेहमीसारखे, घट्ट.

"हे सर्वसमर्थ, परमदयाळू, स्वर्गीय पित्या..."

सुरुवात बरी झाली. मला धीर आला. मी अन्नाबद्दल आभार मानले. मग अन्न पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मागितलं. शेतकरी आले म्हणून पाऊस आला, पाऊस आला म्हणून कापूस आला. मग नव्या महाराष्ट्र राज्यासाठी, त्याच्या मंत्र्यांसाठी, पाहुण्यांना सुखरूप आणणाऱ्या बसच्या ड्रायव्हरसाठी आणि कंडक्टरसाठी प्रार्थना केली. आता आमेन म्हणावं, असं एकदा मनात आलं, पण तेवढ्यात बाबांना खोकल्याची उबळ आली. मला वाटलं, गहिवरले! मी पुढे निघालो.

बाबा पुन्हा खोकले. रूथ म्हणाली, "दादा..." आणि लगेच "स्स्!" असा आवाज आला. मला वाटलं, पोर रडतेय. इतकं लहान लेकरू माझ्या प्रार्थनेनं रडतं म्हटल्यावर मी रुग्णांकडे वळलो. दवाखान्यातल्या सगळ्या दुखण्यांची नावं मला पाठ होती.

इतक्यात आई मध्येच मोठ्यानं म्हणाली, "आमेन!"

भरल्या प्रार्थनेत मध्येच आमेन म्हणणं म्हणजे केवढी दाद! मी भारावून गेलो. पाठोपाठ एस्तरबाईही म्हणाल्या, "आमेन, आमेन!" अगदी घाईघाईनं, जणू त्यांना राहवेना! साक्षात एस्तरबाई! मग मला कोण थांबवणार? मी समुद्रावरच्या खलाशांसाठी प्रार्थना केली. (आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता.) मी हिमालयातल्या जवानांसाठी प्रार्थना केली. कुठूनतरी हलकासा मचमच आवाज येत होता. एस्तरबाई माझ्याबरोबर ओठ हलवत असाव्यात, असं मी समजलो आणि परीक्षेला बसणाऱ्या तमाम विद्यार्थ्यांना देवाच्या हाती सोपवून अखेर 'आमेन' म्हणालो.

मी डोळे उघडले. आधी सगळं हिरवं दिसलं. मग हळूहळू स्टूल दिसलं, स्टुलावरची ताटली दिसली, ताटलीत संत्र्याच्या सालीचा एक तुकडा दिसला. एवढंच दिसलं.

मोरांचा पडदा मंद हलत होता.

"अरे!" बाबा म्हणाले. बाबांना नाटक येत नाही. "केक कुठी गेला बा?"

"खरंच की!" आई म्हणाली. तिलाही नाटक येत नाही. "उंदीर असन."

मी चकित होऊन आईकडे पाहिलं. चुलीवरच्या पातेल्याएवढा केक! एवढा उंदीर आमच्या घरात होता?

"मांजर असेल," सॅम्युएल अदबीनं म्हणाला.

एस्तरबाईंचा धीर सुटला. "मांजरीले शिंगं असतात काय बे? थेही एक मोडकं!"

एस्तरबाईंनी पदर तोंडाला लावला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

पहिली रूथ ओरडली. "मावशी! तुमचे डोळे उघडे होते!"

"रूथ! गप बस!" आई.

"तुहे बी उघडे होते! मी दादाले सांगत होतो चिंगी आली म्हनून, त तू मले चिमटा घेतला! डोळे मिटले असते त मांडी कशी सापडली?"

आईनं आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव पुढे केलं नाही. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मी त खोकलून खोकलून थकलो. पन हा बुवा थांबते काय!"

म्हणजे झालं होतं असं: दावं सुटलेली चिंगी चुलीकडून आली, मोरांखालून मान घातली आणि केक खायला लागली. आईनं पाहिलं. बाबांनी पाहिलं. एस्तरबाईंनी पाहिलं. पण 'हाड्' म्हणणार कोण? जो म्हणेल त्याचे डोळे प्रार्थनेत उघडे होते हे सिद्ध! आई एस्तरबाईंना घाबरून गप्प, एस्तरबाई आपला लौकिक सांभाळून गप्प, आणि दोघी जीव तोडून मला 'आमेन, आमेन' सुचवतायत! महिनाभराची अंडी आईच्या डोळ्यांदेखत शेळीच्या पोटात चालली होती आणि मी मात्र खलाशांसाठी मागत बसलो होतो.

"मार्थे, तूही पाह्यली काय वं शेळी?" बाबांनी विचारलं.

"कोणती शेळी?" ताई म्हणाली.

"सॅम्या, तू?" एस्तरबाईंनी विचारलं.

"मी... म्हणजे शेळी अशी नाही पाहिली," सॅम्युएल म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. ताईही लाल झाली. मग सगळ्यांना कळलं. डोळे त्या दोघांचेही उघडेच होते. फक्त शेळीकडे नव्हते! (सॅम्युएलनं पुढे मला एकट्याला सांगितलं की, माझी प्रार्थना त्याला थोडी आटोपती वाटली. एवढाच काय तो माझा चाहता.)

एस्तरबाईंनी छत्री उचलली.

आई तटकन उभी राहिली. "बाई, चुकलं आमचं. पोरीचा काही दोष नाही जी. थे शेळी... थो पडदा..." तिचे हात पदराला गाठी मारत होते. मला वाटलं, जमिनीत जावं. वाळूपुढे बसून काढलेली ती सगळी सकाळ, ती इस्त्री, ती वचनं, सगळं माझ्या एका प्रार्थनेनं घालवलं.

एस्तरबाईंनी छत्री उचलून कोपऱ्यात ठेवली. अगदी लांबच्या कोपऱ्यात.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "इतक्या घरी गेले मी पोरी पाहाले. साऱ्या घरी प्रार्थनेत डोळे किलकिले करून पाह्यते, जाळी कुठी हाये, खाटेखाली काय कोंबलं. सारे आपले डोळे मिटून गप बसलेले! मले वाटे, एवढ्या देवभक्त लोकायत मीच एक पापी. आज पह्यल्यांदा माह्यासारखं घर भेटलं बाई!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी आईचा हात धरून तिला खाली बसवलं. आई आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली.

तेवढ्यात पडद्यामागून गोदाकाकू आल्या. एका हातात चिंगीचा कान, दुसऱ्या हातात चरवी. "साराबाई, माह्या शेळीच्या दाढीले हे काय पिवळं पिवळं लागलं वं?"

"थो केक होय, गोदाबाई," आई म्हणाली.

"अगं माय! मग हे घे. आत्ताच पिळलं. केक गेला त केकचं दूध तरी पाहुन्याईले पाज!"

त्या दुधाचा चहा झाला. चहापूर्वी प्रार्थना बाबांनी केली. 'देवा, दिलं थे गोड करून घे, आमेन.' एस्तरबाई म्हणाल्या, "याले म्हनतात प्रार्थना!"

पाहुणे गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो. ती डबा घासत होती. मी म्हणालो, "आई, प्रार्थना फारच लांबली काय वं?"

"लांबली त लांबली," ती म्हणाली. "सारी दुनिया आली तिच्यात. बसचा कंडक्टर आला. चूल फुकनारी तेवढी नाही आली." आणि ती डबा घासत राहिली. ती रागानं बोलली नव्हती, म्हणून मला ते जास्तच लागलं.

मे महिन्यात लग्न झालं. दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत मांडव, पंगत बसलेली, ताटं वाढलेली. लग्न लावणाऱ्या पाळकसाहेबांना आमची हकिकत कुणी सांगितली नसावी. ते उभे राहून प्रेमानं म्हणाले, "आता आपले कॉलेजचे विद्यार्थी, वधूचे बंधू, प्रार्थना करतील."

मांडवात एकच खळबळ उडाली! एस्तरबाईंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. बाबा आतापासूनच खोकायला लागले. गोदाकाकू पंगतीतून उठून ओरडल्या, "थांब रे बाप्पा, चिंगी बांधली का पाह्यून येतो!"

मी उभा राहिलो. डोळे मिटले. या वेळी मला खलाशी आठवले नाहीत.

"हे प्रभू, हे अन्न जिनं रांधलं त्या आमच्या आईला आशीर्वाद दे. आमेन."

त्या 'आमेन'ला मांडवातून जो प्रतिसाद आला, तसा जळगाव जामोदमध्ये त्याआधी कधी आला नसेल. मांडवाच्या कापडावर बसलेले कावळे उडाले.

मी डोळे उघडले. हिरवं ओसरल्यावर आई दिसली. ती पदरानं डोळे टिपत होती.

"रडली काय वं?"

"कायले रडू? धूर लागला." (चूल मांडवाच्या पार पलीकडे होती!) "बस आता. जेव."

मी बसलो आणि ताटाकडे पाहिलं. माझा बुंदीचा लाडू नाहीसा झाला होता. शेजारी रूथ बसली होती, डोळे अजून भक्तीनं मिटलेले आणि दोन्ही गाल टम्म फुगलेले.

"आई, माझा लाडू कोनं नेला, तुले दिसलं ना?"

"मले कसं दिसन?" आई शांतपणे म्हणाली. "प्रार्थनेत डोळे मिटले होते ना माहे."